विसरायच्या आत

कात्रजच्या चढावर गाडीनं धूर सोडला तो रामदास ओव्हाळांच्या आधी मागच्या रिक्षावाल्याला दिसला. त्यानं हॉर्न दाबत रिक्षा बरोबरीला आणली आणि ओरडला, "काका, गाडी चालवताय का डासांची फवारणी करताय?"

शेजारी बसलेल्या हिराबाईंनी काच खाली करून मागं पाहिलं. निळसर पांढऱ्या धुराचा लोट रस्ताभर पसरला होता. जळक्या तेलाचा वास एकदम आत आला.

"अहो, बाजूला घ्या. आधी बाजूला घ्या."

रामदासांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि नुसतेच बघत उभे राहिले. इंजिनाच्या अंगावरून तेलाचे ओघळ आले होते. हिराबाईंनी मोबाइलवरून वैजनाथला बोलावून घेतलं. वैजनाथचं गॅरेज कर्वेनगरात, कॅनॉल रोडला. ओव्हाळांची गाडी पहिल्यापासून तोच बघायचा. तो मोटारसायकलवरून आला, डिपस्टिक ओढून बघितली. इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी ती लांब पट्टी वरच्या खुणेच्याही पुढं कितीतरी माखलेली होती आणि त्या तेलावर बारीक बुडबुडे होते.

"आता चावी फिरवू नका," एवढंच तो म्हणाला. "टेम्पोला बांधून नेतो. तुम्ही बसनं जा लग्नाला."

लग्न हिराबाईंच्या जुन्या मैत्रिणीच्या मुलाचं होतं. दोघं बसनं पोचली तेव्हा त्रिसरण, पंचशील होऊन पंगती बसल्या होत्या. रामदास जेवले, चारचौघांशी बोलले, हसलेही. पण परत येताना बसमध्ये त्यांनी दोनदा विचारलं, "गाडी कुठं लावली आपण?"

हिराबाईंनी दोन्ही वेळा सांगितलं. दमलेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

रामदास पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. खात्यात त्यांची ख्याती अशी, की साहेबांनी एखाद्या धरणाचं नाव घ्यावं आणि रामदासांनी जागेवरून न उठता त्याची फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते सांगावं. संगणक आले तेव्हा तरुण मुलं गमतीनं म्हणायची, आपल्याकडे आधीपासून एक आहेच, त्याला फक्त चहा लागतो. हिराबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, शेवटी मेट्रन झाल्या. आजही कर्वेनगरात त्यांना पाहिलं की लोक "काय सिस्टर" असंच म्हणत.

गाडी घेतली त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. त्याआधी मोटार म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची वस्तू होती. मग दिवस असे काही पालटले, की बँकेची माणसंच घरी येऊन कर्ज घ्या म्हणू लागली. ओव्हाळांच्या सगळ्या गोतावळ्यात ती पहिली मोटार. घेतल्यावर रामदास सर्वांत आधी ती शिरूरकडच्या आपल्या गावी घेऊन गेले होते. त्यांचे वडील तेव्हा होते. म्हाताऱ्यानं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बैलगाड्यांना वंगण घातलं होतं. त्यानं मोटारीला एक फेरी मारली, चाकाला हात लावला आणि पोराला एकच गोष्ट सांगितली. "वंगनाला हात आखडू नको. चाक रडतंय मग."

रामदासांनी ते मनावर घेतलं. दर रविवारी गाडी धुवायची, पुसायची, तेलपाणी बघायचं, मग आंघोळ. सोसायटीतल्या बाकीच्या गाड्या धुळीनं माखलेल्या असत. आयटीतल्या मुलांना कुठला वेळ! त्यांच्या गाड्यांमध्ये ओव्हाळांची जुनी पांढरी गाडी इस्त्रीच्या शर्टासारखी उभी असे.

दुसऱ्या दिवशी दोघं गॅरेजवर गेली. वैजनाथनं गाडीखाली पसरट ट्रे ठेवून नट सोडला. काळं तेल धारेनं पडायला लागलं. नेहमीची वेळ झाली तरी धार थांबेना. वैजनाथनं खालून ट्रे ओढला आणि घाईनं दुसरा डबा सरकवला. तोही निम्म्याच्या वर भरला.

"साहेब, जवळजवळ दुप्पट तेल होतं हो आत," तो उठत म्हणाला.

"जास्त असलं तर काय बिघडलं?" हिराबाईंनी विचारलं. "कमी पडल्यावर इंजिन बसतं असं ऐकलंय."

"जास्तीनं पण बसतं, सिस्टर." वैजनाथ मूळचा लातूरकडचा. बोलताना तो हातानं सगळं करून दाखवायचा. "हे बघा, खाली तेल ऱ्हातं आन् वर क्रँक, म्हंजे इंजिनाचा दांडा, फिरते. दोघांच्या मधी जागा पायजे. जागाच नाही ठेवली तर क्रँक तेलात बुडून रवीसारखी घुसळत बसते. त्या तेलाचं होतं ताक. सगळा फेस. मग जिथं तेल पोचायचं तिथं पोचते हवा. हवेनं कुठं वंगण होतंय का? आन् जास्तीचं तेल जाणार कुठं? एक तर सील फोडून भायेर येणार, नाही तर वर चढून पेट्रोलसंगं जळणार. त्याचाच तो धूर. प्लग बघा, काळे ठिक्कर पडलेत." 

मग त्यानं रामदासांकडे पाहून साधेपणानं विचारलं, "तेल कुणी भरलं, साहेब?"

"म्हणजे?" रामदास म्हणाले. "दिवाळीत सर्व्हिसिंग तूच केलंस ना?"

"मी मापात भरलं होतं."

"मग वर आकाशातून पडलं का? मी हात लावलेला नाही."

"पंपावर कुणी..."

"पंपावर मी खाली उतरून उभा असतो. वैजनाथ, चूक झाली असेल तर झाली म्हण. माणूस चुकतो. पण खोटं बोलू नकोस. मला खोटारडी माणसं चालत नाहीत."

गॅरेजमध्ये दुसरं एक गिऱ्हाईक स्कूटर घेऊन थांबलं होतं. ते मान वळवून बघू लागलं. वैजनाथनं हातातली चिंधी उगाचच दोनदा पिळली.

"बरं," तो म्हणाला. "साहेब म्हणतात तसं."

हिराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रामदास तापट नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी कुणाला तोंडावर खोटारडा म्हटलेलं हिराबाईंना आठवत नव्हतं. आणि वैजनाथ खोटं बोलत नव्हता, हे तर लहान मुलालाही कळलं असतं.

गाडी दुरुस्त होऊन आली. वैजनाथनं सील बदललं होतं, प्लग साफ केले होते, ताजं तेल घातलं होतं. पण एरवी गाडी द्यायला आला की वर येऊन चहा घेऊन जाणारा माणूस या वेळी वॉचमनजवळ चावी ठेवून निघून गेला.

हिराबाईंनी निकिताला फोन लावला. निकिता त्यांची एकुलती एक मुलगी. वाघोलीला राहायची आणि खराडीच्या एका कंपनीत नोकरीला होती.

"पप्पा आजकाल जरा विसरतात गं," हिराबाई म्हणाल्या.

"आई, मी पण विसरते. परवा ऑफिसात लॅपटॉपच विसरून आले," निकिता म्हणाली. तिच्या मागं कुणीतरी इंग्रजीत मोठ्यानं बोलत होतं. "रिटायर झालेत, घरी बसून बोअर होतात. तू उगाच टेन्शन घेऊ नकोस. कॉल आहे माझा, रात्री बोलू."

हिराबाईंनीही तेच धरून ठेवलं. वय झालं. दमलेत. कंटाळलेत. बाकीच्या गोष्टी त्यांनी आधीच अशा समजुतींखाली झाकून ठेवल्या होत्या. मंडईत गेलेले रामदास रिकामी पिशवी घेऊन परत आले होते. खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंना ते रोज नव्यानं "मिस्टर कसे आहेत?" विचारत, आणि कुसुमताईंचे मिस्टर जाऊन वर्ष उलटलं होतं. वॉर्डात अशी लक्षणं कुणी सांगितली असती, तर हिराबाईंनी एका वाक्यात सांगितलं असतं की डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. पण वॉर्डात युनिफॉर्म असतो अंगावर. घरात नुसता गाऊन.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी हिराबाई बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होत्या. खाली पार्किंगमध्ये रामदासांनी गाडीचं बॉनेट उघडलेलं दिसलं. त्यांनी डिपस्टिक ओढली, फडक्यानं स्वच्छ पुसली, परत आत घातली, ओढली, उजेडात धरून बघितली. अगदी शिस्तीत. मग बॉनेट लावलं आणि वर आले. हिराबाईंनी चहा ठेवला. रामदासांनी तो पेपर वाचत संपवला आणि उठले.

"जरा गाडीचं तेल बघून येतो," ते म्हणाले. "बरेच दिवस बघितलं नाही."

हिराबाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्या पुन्हा बाल्कनीत आल्या.

रामदासांनी बॉनेट उघडलं. डिपस्टिक ओढली. फडक्यानं पुसली. आणि ती पुन्हा आत न घालताच, त्या स्वच्छ पुसलेल्या कोरड्या पट्टीकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. पट्टीवर थेंब नव्हता. त्यांनी मान हलवली, डिकी उघडली, आतून तेलाचा डबा काढला आणि झाकण फिरवायला लागले.

हिराबाई चपला न घालताच जिना उतरल्या. धावत नाही, आरडाओरडा नाही. वॉर्डात पेशंट सलाइन उपटायला लागला की जायच्या तशा, भराभर आणि शांत.

"काय करताय?"

"तेल संपलंय बघ. पार कोरडं. बरं झालं बघितलं."

"द्या तो डबा माझ्याकडे."

"अगं, तुझा गाऊन खराब होईल."

"होऊ दे."

त्यांनी डबा काढून घेतला. रामदासांनी हात पुसायला फडकं उचललं आणि थबकले. त्यांच्या बोटांना, नखांच्या कडांना वाळलेलं काळं तेल होतं. आत्ताचं नव्हतं ते. ते हात उलटेसुलटे करून बघत राहिले.

"हे कधी लागलं?" त्यांनी विचारलं.

हिराबाईंनी त्यांचा एक हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट पुसायला लागल्या. डिकीत आणखी दोन डबे रिकामे पडलेले त्यांना तिथूनच दिसत होते. "चला वर," त्या म्हणाल्या. "साबणानं निघेल."

त्या दिवशी दुपारी रामदास झोपल्यावर त्या गॅरेजवर गेल्या. सांगायचं होतं ते पहिल्यांदा सांगितलं ते मुलीला नाही, डॉक्टरला नाही, वैजनाथला. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा घरच्या माणसानं ज्याच्यावर आळ घेतला, त्याचा तो पहिला हक्क, असं त्यांना वाटलं असावं.

वैजनाथनं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या आज्याला पण झालतं असं," तो म्हणाला. "सिस्टर, एक करू. मीच साहेबांना म्हणतो की सर्व्हिसिंगला तेल मी जास्ती भरलं. माझी चूक. त्यांच्या मनाला उगाच कशाला लावायचं? मला काय फरक पडतोय?"

हिराबाईंचे डोळे भरून आले. क्षणभर त्यांना वाटलं, हो म्हणावं. किती सोपं होतं! मग त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की पेशंटपासून लपवू नका, त्याला विश्वासात घ्या. आता माझ्यावर वेळ आल्यावर मी लपवू? आणि तुझ्या डोक्यावर ठेवून? आपल्या चुकीची बोलणी त्यांनी आजवर दुसऱ्याला खाऊ दिली नाहीत. शुद्धीत असतील तोवर त्यांना तसंच राहू दे."

घरी आल्यावर त्यांनी रामदासांना उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि समोर बसवलं. गोड बोलून आडवळणानं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"गाडीत जास्तीचं तेल तुम्हीच भरत होतात. भरलेलं विसरत होतात आणि परत भरत होतात. आज सकाळी माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"मी?"

"हो. बाकीही बऱ्याच गोष्टी विसरताय. मला दिसत होतं. मीच बघत नव्हते."

रामदास खिडकीकडे बघत बसले. बाहेर शाळेच्या बस येऊन मुलांचा गलका सुरू झाला होता. हिराबाई वाट बघत राहिल्या. चिडतील, नाकारतील, गप्प होऊन आत निघून जातील. नातेवाइकांना या सगळ्याची तयारी ठेवा म्हणून त्यांनीच कितीदा सांगितलं होतं.

रामदास म्हणाले, "कपाटं दिसतात मला. खात्यातली. कुठल्या खणात काय ते अजून दिसतं. पण सकाळी काय खाल्लं ते बघायला गेलो तर खण रिकामा. मला वाटलं, होईल आपोआप बरं. तुला सांगितलं असतं तर तू नर्स झाली असतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे बायको राहिली नसतीस."

हिराबाईंना हसू आलं आणि रडूही. त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात रामदास ताठ झाले.

"थांब. मग मी वैजनाथला खोटारडा म्हणालो?"

"म्हणालात."

"लोकांसमोर?"

"एक गिऱ्हाईक होतं."

रामदास उठले आणि शर्ट शोधायला लागले. "चल."

"आत्ता? अहो, चहा तरी..."

"चहा नंतर. आत्ता मला माहीत आहे मी काय केलं ते. उद्या माहीत असेल का, तू सांगू शकतेस? विसरायच्या आत जाऊन येऊ."

त्यांनी बटणं लावली, पहिल्यांदा चुकली, हिराबाईंनी सोडून परत लावून दिली. दोघं चालत निघाली. कॅनॉल रोड फार लांब नव्हता, पण रामदास असे भराभर चालले होते की हिराबाईंना धाप लागली. वाटेत ते मधूनच पुटपुटत होते, "वैजनाथ. तेल. मीच भरलं." शाळेत जाणारं मूल निरोप घोकत जातं तसं. कॉलेजच्या कोपऱ्यावर ओळखीचे एक जण थांबवायला आले, तर रामदासांनी हात जोडून "नंतर, नंतर" म्हटलं आणि पुढं झाले.

वैजनाथ एका गाडीखाली होता. बाहेर आला तर समोर साहेब उभे.

"वैजनाथ," रामदास म्हणाले, "तेल मीच भरत होतो. मला विसरायला होतं. तू खरं बोलत होतास आणि मी तुला नको ते बोललो. मला माफ कर."

आणि त्यांनी हात जोडले.

"अहो साहेब!" वैजनाथनं ते हात धरायला हात पुढं केले, मग स्वतःचे काळे हात बघून मागं घेतले. रामदासांनीच पुढं होऊन ते धरले.

"त्या दिवशी इथं एक जण होता. स्कूटरवाला."

"असंल कुणीतरी. जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? तो परत आला की त्याला सांग, की साहेब चुकले होते. नक्की सांगशील?"

"सांगतो."

"शब्द दे."

"दिला, साहेब."

रामदासांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग त्यांनी हिराबाईंकडे वळून, अगदी पहिल्यासारखं, विचारलं, "आता चहा?" तिघांनी गॅरेजच्या दारात उभं राहून चहा घेतला.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधं दिली. आजार बरा होणार नाही, पण सावकाश वाढेल असं काही करता येईल, असं सांगितलं आणि गाडी चालवणं बंद करायला लावलं. निकिता त्या दिवशी रजा घेऊन आली होती. दवाखान्यात ती डॉक्टरांना भराभर प्रश्न विचारत होती, पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडायला लागली. "तू सांगितलं होतंस आणि मी म्हटलं, कॉल आहे." हिराबाईंनी तिला भाकरीच्या पिठासमोर उभं केलं. "मळ," त्या म्हणाल्या. "रडत मळलं तरी चालतं." बाहेरून रामदासांचा आवाज आला, "मीठ घातलंय का विचार. तुझी आई विसरते हल्ली." निकिता पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसली. तेव्हापासून ती दर शनिवारी यायला लागली, आणि आली की मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकायची.

गाडीचं मात्र सोपं नव्हतं. डॉक्टरांकडून आल्यावर रामदासांनी स्वतःच्या हातानं चावी हिराबाईंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ती घरभर शोधत होते. सापडेना तसा आवाज चढला. "माझ्याच घरात माझीच वस्तू लपवून ठेवता?" हिराबाईंनी परत सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले. तिसऱ्या दिवशी परत तेच. निकितानं फोनवर गाडी विकायचं सुचवलं. सोसायटीत गिऱ्हाईकही होतं.

हिराबाईंनी बाल्कनीतून खाली बघितलं. रामदास गाडीच्या टपावरची पानं एकेक करून वेचत होते.

"विकायची नाही," त्यांनी निकिताला सांगितलं. "मी शिकते."

"आई, तू साठीला आलीस!"

"मग? इंजेक्शन द्यायला शिकले तेव्हा सतराची होते. हात तेव्हाच जास्त कापत होते."

ट्रेनिंग स्कूलचा माणूस शेजारी दुसरा ब्रेक घेऊन बसायचा आणि दर चौकात जीव मुठीत धरायचा. पण हिराबाईंनी नेटानं शिकून लायसन्स काढलं. लायसन्स मिळालं म्हणजे गाडी येते असं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. सोसायटीच्या फाटकातच त्यांनी गाडी तीनदा बंद पाडली. मागं हॉर्न वाजायला लागले. घामानं हात निसटायला लागले.

"हिरा," शेजारी बसलेले रामदास म्हणाले. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "त्यांना वाजवू दे. त्यांच्या गाडीचा हॉर्न आहे, आपला नाही. क्लच पूर्ण दाब. आता पहिला टाक. हळूहळू सोड. इंजिनाचा आवाज बदलतो बघ, ऐक. आला? आता थोडा ॲक्सिलरेटर दे."

गाडी हलली. ती फाटकाबाहेर आली.

हिराबाईंना नवल वाटलं. सकाळी औषध घेतलं की नाही हे ज्यांना सांगता येत नव्हतं, ते रामदास गाडीत बसले की पार निराळे होत. रोज पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत दोघं नदीकाठच्या डीपी रस्त्याला जायची. रिव्हर्स कसा घ्यायचा, चढावर हँडब्रेक कसा सोडायचा, बसच्या मागं किती अंतर ठेवायचं. चुकलं की ते ओरडत नसत. "परत," एवढंच म्हणत. कधीकधी तीच गोष्ट त्यांनी आदल्या दिवशी शिकवलेली असे. हिराबाई ती परत पहिल्यापासून शिकत. त्यांचा हात पक्का होण्यात त्याचाही वाटा होता.

मधूनमधून रामदासांना वैजनाथला आपण काहीतरी बोललो एवढंच आठवे आणि माफी मागितल्याचं आठवत नसे. मग ते अस्वस्थ होत आणि पायात चपला घालत. हिराबाई बरोबर जात. वैजनाथ दर वेळी हातातलं काम ठेवून उभा राही, ऐकून घेई आणि म्हणे, "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. चहा घेऊ." एकदाही त्यानं, हे मागं झालंय, असं म्हटलं नाही. हिराबाईंनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, कंटाळत नाहीस का? वैजनाथ म्हणाला, "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एकदा पण माफी मागत नाही, सिस्टर. मला तर लई भारी वाटतं."

पावसाळा सरला. त्या दिवाळीच्या आधी निकिताचं नवं घर बघायला वाघोलीला जायचं होतं. हिराबाईंनी नगर रस्त्यावर गाडी पहिल्यांदाच घातली होती. कंपन्यांच्या बस, डंपर, मधेच घुसणाऱ्या मोटारसायकली. येरवड्याच्या पुढं त्यांचे खांदे दुखायला लागले, पण हात स्थिर होते. एक डंपर अंगावर येतोयसं वाटलं तेव्हा त्यांनी गाडी अलगद डावीकडे घेतली, त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा रांगेत आल्या.

खराडीच्या सिग्नलला गाडी थांबली. रामदास बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. कौतुकानं, जरा परक्यासारखंही.

"हिरा, तुला गाडी चालवायला कुणी शिकवलं?"

हिराबाईंनी आरशात बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही."

"मी?" रामदासांनी ते मनात घोळवलं. खोटं बोलतेय का, हे एकदा तिच्या चेहऱ्यावर तपासलं. मग मान हलवली आणि सीटवर जरा ऐटीत मागं रेलले.

"मग बरोबर," ते म्हणाले. "म्हटलं, एवढं चांगलं कुणी शिकवलं."

सिग्नल हिरवा झाला. हिराबाईंनी क्लच दाबला आणि पहिला टाकला.